घरदुरुस्तीच्या कर्जाचे हप्ते: मुद्दल हळू का घटते आणि हाताशी आलेली रक्कम कशी वळवावी

आपण विचारलेल्या गोष्टी थोडक्यात अशा आहेत. घराच्या दुरुस्तीसाठी आपण दहा लाखांचे कर्ज वार्षिक १० टक्के दराने, १२० मासिक हप्त्यांत फेडण्याच्या करारावर घेतले. बारा हप्ते वेळेवर भरून झाले आणि भरलेली रक्कम दीड लाखाच्या पुढे गेली, तरी मुद्दल जेमतेम ६१ हजारांनी कमी झालेले दिसते, त्यामुळे हिशेबात काही चूक आहे की काय, अशी आपल्याला शंका आहे. आता एक लाख हाताशी आले आहेत. ते कर्जात भरावेत का, आणि भरल्यास हप्ता कमी करून घ्यावा की मुदत, हा दुसरा प्रश्न. तिसरा अधिक त्रासाचा आहे: कंत्राटदाराने स्वयंपाकघराचे काम अर्धवट सोडले असून ते पूर्ण होईपर्यंत हप्ते थांबवावेत, असे घरातील काहींचे मत आहे.

कर्जखात्यांच्या हिशेबाचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. तिसरा प्रश्न क्रमाने शेवटचा असला तरी निकडीचा तोच आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो: हप्ते थांबवू नका.

आपला राग योग्य आहे, पण तो ज्याच्यावर आहे त्याला हप्ता थांबल्याची झळ लागणार नाही. कंत्राटदाराशी झालेला करार वेगळा आणि कर्जदात्याशी झालेला करार वेगळा. कर्जाची रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्या दिवसापासून ती परत करण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली असते. त्या रकमेतून करायचे काम चांगले झाले, वाईट झाले किंवा झालेच नाही, याने त्या जबाबदारीत फरक पडत नाही. ज्या कर्जात कर्जदात्याने कंत्राटदाराशी आधीच करार केलेला असतो आणि पैसे थेट त्याच्याकडे जातात, तिथे काही देशांचा कायदा कर्जदारास कर्जदात्याकडेही दाद मागू देतो. आपले कर्ज तसे असेल तर करारात तशी नोंद सापडेल. मात्र तिथेही मार्ग लेखी तक्रारीचा आहे, परस्पर हप्ता बंद करण्याचा नव्हे. अर्धवट कामाची छायाचित्रे तारखांसह जपून ठेवा, आजवर दिलेल्या रकमांच्या पावत्या एकत्र करा, उरलेले काम पूर्ण करायला दुसरा कारागीर किती घेईल याचा लेखी अंदाज मिळवा आणि कंत्राटदाराला मुदत घालून लेखी कळवा. कंत्राटदाराला द्यायची काही रक्कम अजून आपल्याकडे असेल, तर अडवायची ती रक्कम, कर्जाचा हप्ता नव्हे.

एक हप्ता चुकल्याने काय बिघडते, हे लोकांना वाटते त्याहून वेगळे आहे. सर्वसाधारण समज असा की दंड लागेल, तो भरला की विषय संपला. प्रत्यक्षात बहुतेक करारांत आलेल्या रकमेचा क्रम ठरलेला असतो: आधी शुल्क आणि दंड, मग थकलेले व्याज, मग थकलेले मुद्दल, आणि त्यानंतर चालू महिन्याचा हप्ता. समजा, मार्च महिन्याचा हप्ता चुकला आणि एप्रिलपासून आपण पुन्हा नेमाने भरू लागलात. एप्रिलमध्ये भरलेली रक्कम मार्चच्या खाती जमा होते, मे महिन्याची एप्रिलच्या खाती, आणि असे पुढे चालूच राहते. आपल्या दृष्टीने आपण दरमहा वेळेवर भरत असता; खात्याच्या दृष्टीने आपण कायम एक महिना मागे असता, आणि करारात तशी तरतूद असल्यास दंडही दरमहा लागत राहतो. माझ्यासमोर असे एक खाते आले होते, ज्यातील कर्जदाराने एक हप्ता चुकवल्यानंतर चौदा महिने एकही दिवस उशीर केला नव्हता, आणि तरीही त्याच्या पतनोंदीत, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, चौदाही महिने थकबाकी दिसत होती. त्याला कोणी नीट समजावून सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते, कारण उपाय अगदी साधा होता: चुकलेला एक हप्ता आणि साचलेला दंड एकरकमी भरणे. तसे भरताना रक्कम किती हवी, हे स्वतः अंदाजाने ठरवू नये. त्या दिवसापर्यंतची थकबाकी कर्जदात्याकडून लेखी मागून घ्यावी, कारण शंभर-दोनशे कमी पडले तरी खाते थकितच राहते.

आता मुद्दलाच्या शंकेकडे येतो. आपला हिशेब बरोबर आहे आणि कर्जदात्याचाही. दहा लाखांवर दरसाल १० टक्के म्हणजे पहिल्या महिन्याचे व्याज सुमारे ८,३३३ होते. १२० महिन्यांच्या मुदतीसाठी हप्ता १३,२१५ येतो. त्यातून व्याज वजा जाता पहिल्या महिन्यात मुद्दलाकडे वळतात ते केवळ ४,८८२. दुसऱ्या महिन्यात मुद्दल तेवढ्याने कमी झालेले असल्याने व्याज किंचित घटते आणि मुद्दलाचा वाटा किंचित वाढतो. हा बदल इतका संथ असतो की हप्त्यातील मुद्दलाचा वाटा व्याजाहून मोठा व्हायला अडतिसावा हप्ता उजाडतो. बारा हप्त्यांत आपण भरले १,५८,५८१. त्यांपैकी ९७ हजारांच्या आसपास व्याजात गेले आणि ६१ हजारांच्या आसपास मुद्दल उतरले. साठ हप्ते, म्हणजे निम्मी मुदत सरेल तेव्हाही शिल्लक ६ लाख २२ हजारांच्या आसपास असेल. अर्धे हप्ते भरले म्हणजे अर्धे कर्ज फिटले, असे समान हप्त्यांच्या कर्जात कधीच होत नाही.

यावरून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: व्याज लागते ते त्या त्या वेळी शिल्लक असलेल्या मुद्दलावर, आणि ते मुद्दल जितके लवकर उतरेल तितके पुढचे सर्व व्याज कमी होते. मात्र शिल्लक किती काळाने मोजली जाते, हे करारात पाहावे लागते. काही कर्जांत ती दररोज मोजतात. तिथे पाच दिवस आधी भरलेला हप्ता पाच दिवसांचे व्याज वाचवतो आणि पाच दिवस उशिरा भरलेला तितकेच वाढवतो, मग दंड लागो वा न लागो. काही कर्जांत शिल्लक महिन्याच्या ठराविक दिवशीच मोजतात. तिथे त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी भरलेली जादा रक्कम जवळजवळ महिनाभर निष्क्रिय पडून राहते. जादा भरणा करण्याआधी हा दिवस विचारून घेणे फायद्याचे असते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण अनेकांची फसगत इथेच होते. काही ठिकाणी व्याज शिल्लक मुद्दलावर न लावता संपूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लावतात. त्याला सरळ दर किंवा फ्लॅट दर म्हणतात. दहा लाखांवर १० टक्के सरळ दराने दहा वर्षांचे व्याज दहा लाख होते आणि हप्ता १६,६६७ येतो. घटत्या शिलकीच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावण्याच्या, पद्धतीत मांडले तर तो दर वर्षाला जवळपास १६ टक्के पडतो. दोन कर्जांची तुलना करताना केवळ जाहीर दर पाहू नये. एकूण किती परत करायचे, तो आकडा मागावा. आपला हप्ता १३,२१५ आहे, म्हणजे आपले कर्ज घटत्या शिलकीवर चालते, तेव्हा ही चिंता आपल्याला नाही.

दुरुस्तीची रक्कम कामाच्या प्रगतीनुसार टप्प्याटप्प्याने मिळाली असेल, तर आणखी एक गोष्ट मुद्दलाविषयी गोंधळ निर्माण करते. सर्व टप्पे उचलून होईपर्यंत अनेक कर्जदाते उचललेल्या रकमेवरचे केवळ व्याज घेतात. त्या काळात भरलेल्या रकमेने मुद्दल एका पैशानेही कमी होत नाही आणि ते महिने १२० हप्त्यांत धरलेलेही नसतात. काम रेंगाळले की हा काळ लांबतो. ज्यांचे टप्पे अजून बाकी आहेत त्यांनी काम तयार नसताना पुढचा टप्पा उचलू नये, कारण खात्यात नुसत्या पडून असलेल्या रकमेवरही व्याज चालूच असते.

आता हाताशी आलेल्या एक लाखाविषयी. बारा हप्त्यांनंतर आपली शिल्लक सुमारे ९,३८,६५७ आहे. एक लाख भरल्यावर ती ८,३८,६५७ होईल. येथून दोन वाटा फुटतात. हप्ता १३,२१५ हाच ठेवला तर उरलेले १०८ हप्ते ९१ वर येतात, त्यातला शेवटचा नेहमीपेक्षा लहान असतो, आणि एकूण व्याज सुमारे १,२८,८०० ने कमी होते. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला तर तो ११,८०७ होतो, दरमहा १,४०८ मोकळे होतात आणि व्याजात बचत होते ती ५२ हजारांची. बरेच जण हे दोन आकडे शेजारी ठेवून पहिली वाट सरसकट श्रेष्ठ ठरवतात, पण तुलना तितकी सरळ नाही. दुसऱ्या वाटेत दरमहा मोकळे होणारे १,४०८ आपल्या हातात राहतात आणि त्यांचे आपण काय करतो यावर खरा हिशेब अवलंबून असतो. ते घरखर्चात विरून जाणार असतील तर मुदत कमी करणेच हिताचे. आपले उत्पन्न अनियमित असेल, किंवा पुढील दोन वर्षांत मोठा खर्च ठरलेला असेल, तर हप्ता कमी असण्याचे मोल वेगळेच असते.

माझा स्वतःचा कल बहुतेकांच्या बाबतीत तिसऱ्या मार्गाकडे असतो, जर करारात दरमहा जादा भरण्यावर शुल्क नसेल तर. हप्ता कमी करून घ्यावा, आणि तरीही दरमहा पूर्वीइतकेच १३,२१५ भरत राहावे, ज्यातील १,४०८ मुद्दलात जादा भरणा म्हणून जमा होतील. असे केल्यास कर्ज पहिल्या वाटेइतक्याच महिन्यांत फिटते. फरक इतकाच की एखाद्या महिन्यात पैशांची ओढाताण झाली तर ११,८०७ भरूनही खाते थकत नाही. अर्थात यासाठी शिस्त लागते, आणि ती आपल्याच्याने होईल का, हे आपणच स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला हवे.

जादा भरणा करताना एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की ती वेगळी सांगणे माझे कर्तव्य समजतो. जास्त रक्कम पाठवली म्हणजे ती मुद्दलातच जाईल, असे नाही. स्पष्ट सूचना नसेल तर काही ठिकाणी ती पुढील हप्त्यांसाठीची आगाऊ रक्कम म्हणून बाजूला ठेवली जाते. मग पुढचे काही महिने हप्ते त्यातूनच वळते होत राहतात आणि व्याज मात्र जुन्याच मुद्दलावर लागते. एक लाख असे जमा झाले तर साडेसात हप्ते आगाऊ भरल्यासारखे होते आणि वर सांगितलेली बचत जवळजवळ नाहीशी होते. म्हणून भरण्यापूर्वी लेखी कळवावे की ही रक्कम मुद्दलाच्या अंशतः परतफेडीसाठी आहे, तिच्यानंतर मुदत कमी करावी अथवा हप्ता कमी करावा, आणि सुधारित परतफेडतक्ता, म्हणजे प्रत्येक हप्त्यातील व्याज, मुद्दल आणि उरणारी शिल्लक दाखवणारा तक्ता, द्यावा. तो तक्ता हाती आल्यावर पहिल्याच ओळीतील शिल्लक आपल्या अपेक्षेइतकी आहे का, ते पाहावे. ती जुळली नाही, तर त्याच आठवड्यात विचारावे. सहा महिन्यांनी विचारल्यावर दुरुस्ती होते, पण फार खेटे घालावे लागतात.

भरणा केव्हा करावा, याला महत्त्व आहे. हेच एक लाख आपण ९६ व्या हप्त्यानंतर भरले असते, तर व्याजात वाचले असते केवळ १८ हजार, कारण तोवर बहुतेक व्याज देऊन झालेले असते. त्यामुळे मुदतपूर्व भरण्यावर शुल्क असल्यास त्याचा विचार वेळेनुसार करावा. समजा शुल्क २ टक्के, म्हणजे २ हजार आहे. आज ते देऊन भरणे सहज परवडते, शेवटच्या वर्षात फारसे परवडणार नाही. मोठी रक्कम नसली तरी लहान जादा भरण्यानेही फरक पडतो: पहिल्या महिन्यापासून दरमहा केवळ १ हजार अधिक भरले असते तर १२० ऐवजी १०७ हप्त्यांत हे कर्ज संपले असते.

असे असले तरी संपूर्ण एक लाख आजच भरा, असे मी सांगणार नाही. कर्जात गेलेला पैसा अडीअडचणीला परत मिळत नाही. किमान तीन ते सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च वेगळा साठवलेला नसेल, तर आधी तो साठवावा. क्रेडिट कार्डाची किंवा दुसरी एखादी महाग थकबाकी असेल तर आधी ती फेडावी, कारण १० टक्क्यांचे कर्ज उतरवण्यासाठी त्याहून कितीतरी महाग कर्ज चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही. आणि आपल्या बाबतीत तिसरी गोष्टही आहे: अर्धवट स्वयंपाकघर. ते पूर्ण करायला पुन्हा चढ्या दराचे वैयक्तिक कर्ज काढावे लागणार असेल, तर या लाखातील तेवढा भाग कामासाठीच राखून ठेवावा आणि उरलेला मुद्दलात भरावा. घर राहण्याजोगे करण्यासाठीच आपण हे कर्ज घेतले होते.

व्याजदर बदलता असेल तर आणखी एका बाबीकडे लक्ष हवे. दर वाढला की पुष्कळदा हप्ता तोच राहतो आणि मुदत गुपचूप वाढते. कर्जाच्या सुरुवातीलाच दर १० वरून ११ टक्के झाला आणि हप्ता १३,२१५ च ठेवला, तर १२० चे जवळपास १३० हप्ते होतात. मुदत तीच ठेवायची तर हप्ता १३,७७५ करावा लागतो. दरमहा ५६० अधिक देणे आणि अखेरीस सुमारे दहा हप्ते अधिक देणे, यांपैकी काय हवे, हे ठरवण्याची संधी अनेकांना मिळतच नाही, कारण दरबदलाचे पत्र ते वाचत नाहीत. दर बदलला की लगेच नवा परतफेडतक्ता मागवून शेवटच्या हप्त्याची तारीख पाहावी. मुदत वाढली आहे की नाही, हे त्या एकाच तारखेवरून कळते.

हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल तर त्याची तारीख उत्पन्न जमा होण्याच्या तारखेनंतर तीन-चार दिवसांनी ठेवावी; त्याच दिवशी ठेवू नये, कारण उत्पन्न एका दिवसाने लांबले तरी वळती फसते आणि मग कर्जदाता व खाते असलेली बँक अशा दोघांचेही शुल्क लागू शकते. वळती फसल्यास ती पुन्हा आपोआप होईल, असे गृहीत धरू नये. वर्षातून किमान दोनदा खातेउतारा काढून प्रत्येक हप्त्याची विभागणी वाचावी. आपल्या उताऱ्यात विम्याचा हप्ता किंवा दुसरे एखादे शुल्क दिसते का, हेही पाहून घ्या. अशा रकमा कधी कर्जातच मिळवलेल्या असतात आणि त्यांच्यावरही व्याज चालू असते.

पुढे कधी उत्पन्न थांबले, आजारपण आले आणि हप्ता झेपेनासा झाला, तर कर्जदात्याशी हप्ता चुकण्यापूर्वी बोलावे. खाते चालू असताना मुदत वाढवणे, काही महिने केवळ व्याज घेणे, किंवा तारीख पुढे नेणे असे पर्याय सहज खुले असतात. दोन-तीन हप्ते थकल्यावर तेच पर्याय आकसतात. हप्त्यांना काही काळ स्थगिती मिळाली तरी त्या काळातील व्याज माफ होत नाही. ते बहुधा मुद्दलात मिळवले जाते आणि पुढे त्याच्यावरही व्याज लागते. तेव्हा स्थगिती गरजेपुरतीच घ्यावी. घर तारण असेल तर ही बाब अधिक गंभीर आहे, कारण थकबाकी लांबत गेल्यास तारणावर कारवाई होऊ शकते. बिनतारणी कर्जात घर थेट गुंतलेले नसते, पण वसुली आणि पतनोंदीवरील परिणाम तिथेही टळत नाहीत.

शेवटचा हप्ता जवळ येईल तेव्हा केवळ तक्त्यावर विसंबू नये. तोवर झालेले जादा भरणे, दरबदल आणि पैशांचे पूर्णांकन यांमुळे अखेरची रक्कम नेहमीच्या हप्त्याएवढी क्वचितच असते, म्हणून ठराविक तारखेपर्यंतची नेमकी देय रक्कम लेखी घ्यावी आणि त्याच तारखेच्या आत भरावी. त्यानंतर कर्ज पूर्ण फिटल्याचे आणि काहीही देणे नसल्याचे पत्र घ्यावे, तारण ठेवलेली मूळ कागदपत्रे यादीशी ताडून परत घ्यावीत, मालमत्तेवर कर्जाचा बोजा नोंदलेला असल्यास तो उतरवून घ्यावा, आणि हप्त्याची आपोआप वळती रद्द झाल्याची खात्री बँकेकडून करून घ्यावी. एक-दोन महिन्यांनी आपली पतनोंद काढून तिथे हे खाते बंद दाखवले आहे का, ते तपासावे. दाखवले नसेल तर फिटल्याच्या पत्राची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज करावा.